नवी पिढी म्हणजे गाडीत नेमके काय बदलले? कराडच्या एका कुटुंबाच्या प्रश्नाला उत्तर

आपल्या प्रश्नाचा सारांश असा: घरात २०१३ सालची मारुतीची डिझेल डिझायर आहे, ती आता बदलायची आहे, आणि घरातील सर्वांना सवयीची म्हणून पुन्हा डिझायरच घ्यावी असा विचार आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीबद्दल शोरूममधील विक्रेता ‘गाडी मुळापासून नवी आहे’ असे सांगतो, तर आपले मेहुणे ‘फक्त तोंड बदलले आहे, आतली गाडी तीच’ असे म्हणतात. चार सिलिंडरांचे इंजिन जाऊन तीन सिलिंडरांचे आल्यामुळे आपल्या मनात शंका आहे. आईंचे गुडघे दुखतात, वर्षातून चार-पाच वेळा कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाणे होते, आणि नव्या पिढीची गाडी पहिल्या वर्षात घेऊ नये असेही कोणी तरी आपल्याला सांगितले आहे.

माझे मत कोणत्या अनुभवावर आधारलेले आहे ते आधी सांगतो. मी मूळचा सांगलीचा. पुण्यात एका वाहन कंपनीच्या बॉडी विभागात मी अठरा वर्षे काम केले आणि त्या काळात दोन गाड्यांच्या पिढ्या पहिल्या रेखाटनापासून शोरूमपर्यंत जाताना पाहिल्या. गेली नऊ वर्षे मी साताऱ्यात वर्कशॉप सांभाळतो. त्यामुळे गाडी कागदावर कशी ठरते आणि तीच पाच वर्षांनी पिटावर आल्यावर कशी दिसते, हे दोन्ही मला ठाऊक आहे.

विक्रेता आणि मेहुणे यांच्यापैकी कोणीही खोटे बोलत नाही, परंतु दोघेही अर्धीच गाडी पाहत आहेत. फेसलिफ्टमध्ये बंपर, जाळी, दिवे, आतील कापड आणि स्क्रीन बदलते, पण पत्र्याचा सांगाडा, दरवाजे आणि छप्पर जुनेच राहते. पिढी बदलते तेव्हा बाहेरचा जवळजवळ प्रत्येक पत्रा नव्या साच्यातून निघतो, सांगाड्याच्या वेल्डिंगची मांडणी बदलते आणि गाडीला पुन्हा सर्व चाचण्या द्याव्या लागतात. या अर्थाने २०२४ ची डिझायर निश्चितच नवी पिढी आहे. मात्र कुटुंबाच्या गाडीच्या नव्या पिढीत काय बदलले यापेक्षा काय मुद्दाम तसेच ठेवले, यावरून ती कोणासाठी केली आहे ते अधिक कळते. बदल जाहिरातीत दिसतात. राखलेल्या गोष्टी मात्र मापांच्या तक्त्यात शोधाव्या लागतात.

तो तक्ता काढून पाहा. तिसऱ्या पिढीची, म्हणजे २०१७ ची डिझायर ३,९९५ मिलिमीटर लांब, १,७३५ रुंद आणि दोन आसांमधील अंतर २,४५० मिलिमीटर. चौथ्या पिढीत हे तिन्ही आकडे जसेच्या तसे आहेत. उंची १,५१५ वरून १,५२५ झाली, डिकी ३७८ लिटरवरून ३८२ लिटर झाली आणि जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटरच राहिली. मेहुण्यांचे म्हणणे येथे खरे ठरते: गाडीचा पाया, ज्याला कंपनी हार्टेक्ट म्हणते, तो त्याच कुळातला आहे.

हे आकडे गोठले ते कंपनीच्या आळसामुळे नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत किंवा डिझेल १,५०० पर्यंत, आणि अशा गाडीवर अबकारी कर कमी. २००८ मध्ये आलेली पहिली डिझायर ४,१६० मिलिमीटर लांब होती, म्हणून ती या सवलतीत बसत नव्हती. तिची डिकी मात्र ४४० लिटरची होती. २०१२ च्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे आपल्या घरी उभ्या असलेल्या गाडीत, शेपूट कापून लांबी ३,९९५ वर आणली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. त्या वेळी डिकी अर्धवट कापल्यासारखी दिसते म्हणून बरीच टिंगल झाली. परंतु करातील फरक गिऱ्हाईकाच्या खिशाला थेट कळणारा होता आणि गाडी खपली. पुढे जीएसटीतही हीच रेघ कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर लहान गाडीवर १८ टक्के आणि त्याहून मोठीवर ४० टक्के, इतकी ती रेघ ठळक झाली आहे. त्यामुळे चार मीटरमध्ये चार दरवाजे, पाच माणसे आणि वेगळी डिकी बसवणे हे या वर्गातील प्रत्येक अभियंत्याचे कायमचे कोडे आहे. दिवाणखान्यात कपाट मावत नसेल तर भिंत सरकवता येत नाही, कपाटच पुन्हा बांधावे लागते, तसा हा प्रकार आहे.

आता आईंच्या गुडघ्यांकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नात तो विषय एका वाक्यात आला असला तरी माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. आपली २०१३ ची गाडी १,५५५ मिलिमीटर उंच आहे आणि जमिनीपासून १७० मिलिमीटर वर आहे. नवी गाडी तिच्यापेक्षा ३० मिलिमीटर बुटकी आणि ७ मिलिमीटर खाली आहे. शोरूममध्ये आपली तुलना तिसऱ्या पिढीशी केली जाईल आणि ‘उंची वाढली आहे’ असे सांगितले जाईल. ते खरेही आहे, पण आपण दोन पिढ्या ओलांडून जाणार आहात. बैठक किती उंचावर आहे, छताची कड डोक्याला लागते का आणि पाय आत घेताना दाराचा खालचा उंबरा आड येतो का, या तीन गोष्टी एकत्र जमल्या तरच वयस्क माणसाला गाडीत सहज बसता येते.

आमच्या क्षेत्रात माणसाच्या कमरेच्या सांध्याचा बिंदू धरून गाडी आखतात आणि पिढी बदलताना सर्वांत जास्त वाद त्याच बिंदूवर होतात. आकार ठरवणाऱ्यांना छप्पर मागे उतरते हवे असते, कारण गाडी लांब आणि सडपातळ दिसते. हवेचा विरोध मोजणाऱ्यांनाही तेच हवे असते, कारण त्यामुळे इंधन वाचते. आत बसणाऱ्याची बाजू मांडणारा बैठकीत बहुधा एकटाच असतो. एका गाडीच्या वेळी ते काम माझ्याकडे होते. स्टुडिओत बाहेरच्या माणसाला प्रवेश नसतो, म्हणून मी सुटीत सांगलीला गेलो आणि आई ज्या खुर्चीवरून हात न टेकता उठू शकत होती तिची आणि ज्या दिवाणावरून उठताना तिला आधार लागत होता त्याची, अशी दोन्ही मापे वहीत लिहून आणली. त्या वहीच्या बळावर मागची बैठक १५ मिलिमीटर वर घ्यावी असा आग्रह मी धरला. शेवटी दहा मिळाले. गाडी बाजारात आल्यावर आई तिच्यात बसली, तिने बैठकीविषयी एक अक्षर काढले नाही आणि पदर दारात अडकतो म्हणून मात्र तक्रार केली. बैठकीविषयी काहीच बोलली नाही याचा अर्थ ती जमली, असे मी धरले.

म्हणून शोरूममध्ये जाताना आईंना सोबत घेऊन जा आणि त्यांना मागच्या डाव्या बाजूने, त्यांच्या नेहमीच्या साडीत आणि चपलेत, किमान पाच वेळा चढउतार करायला सांगा. एकदा बसून ‘ठीक आहे’ असे कोणीही म्हणते. पाचव्या वेळी त्यांचा हात कशाचा आधार शोधतो ते पाहा.

बाहेरच्या रूपाबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण ते प्रत्येकाच्या डोळ्यांवर अवलंबून आहे. तरी खर्च कुठे होतो एवढे कळावे. रेखाटने झाली की खास मातीचे पूर्ण आकाराचे प्रारूप करतात आणि त्यावर उजेडाच्या रेघा फिरवून पत्र्याचे वळण कुठे मोडते ते शोधतात. एकदा पृष्ठभाग पक्का झाला की साच्यांची मागणी जाते, आणि त्यानंतर एखादी रेघ बदलणे म्हणजे कित्येक टनांचे पोलादी साचे पुन्हा घडवणे. बाजूचा एक मोठा पत्रा चार-पाच साच्यांतून जातो: आधी ओढला जातो, मग कडा कापतात, भोके पाडतात, कडा दुमडतात. पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असल्यामुळे दाबातून सुटल्यावर तो थोडा परत उसळतो, आणि ती उसळी आधीच ओळखून साचा मुद्दाम वाकडा करावा लागतो. साच्याचे हे काम अजूनही बरेचसे मुरलेल्या कारागिरांच्या हातावर चालते. आपण शोरूममध्ये बॉनेट आणि फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, यांच्यातील फट सारखी आहे का ते बघता, तेव्हा या सगळ्या कामाचीच परीक्षा घेत असता.

पिढी बदलाचा खरा लाभ मला सांगाड्याच्या आत दिसतो. त्याच हार्टेक्ट कुळातील स्विफ्टला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत पाचपैकी दोन तारे मिळाले होते. पुढे २०२२ पासून ती चाचणी अधिक कडक झाली, समोरच्या धडकेच्या जोडीला बाजूची धडक, खांबावरची आदळ आणि पादचाऱ्याचे संरक्षण यांचाही विचार होऊ लागला, आणि तरीही २०२४ च्या डिझायरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. म्हणजे पायाचे नाव तेच राहिले तरी आतील हाडे बदलली. अशा सुधारणेचे मुख्य साधन म्हणजे अधिक ताकदीचे पोलाद. त्यातील सर्वांत कणखर प्रकारात पत्रा सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून साच्यातच थंड करतात, त्यामुळे त्याची ताकद साध्या पत्र्याच्या चार-पाच पट होते. असा पत्रा दाराच्या खांबांना आणि उंबऱ्याला वापरला की आत शिरणारा धक्का अडतो आणि गाडीचे वजनही फारसे वाढत नाही. ‘पत्रा जाड तर गाडी मजबूत’ असे बोटाने दाब देऊन ठरवणारे माझ्याकडे आठवड्यातून दोघे तरी येतात. बाहेरचा पत्रा हा गाडीचा सदरा आहे. माणूस वाचतो तो बरगड्यांमुळे. सहा एअरबॅग, गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि पाचही जागांना तीन बिंदूंचे पट्टे हे नव्या गाडीत सर्व व्हेरियंटमध्ये आहेत. २०१३ साली खालच्या व्हेरियंटमध्ये एअरबॅग मिळत नसे, हे लक्षात घेतले तर आपल्या कुटुंबासाठी गाडी बदलण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. गळीत हंगामात रात्री कराड-तासगाव रस्त्यावर पाठीमागे दिवा नसलेली उसाची जोड ट्रॉली अचानक पुढे येते, तो प्रसंग आपण अनुभवलाच असेल.

आता इंजिन. आपण विचारले की चाराचे तीन सिलिंडर का केले. तिसऱ्या पिढीचे जुने आणि चौथ्या पिढीचे नवे, ही दोन्ही पेट्रोल इंजिने १,१९७ घनसेंटिमीटरची आहेत. जुन्यात चार सिलिंडर होते, प्रत्येकाचा व्यास ७३ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ७१.५, नव्यात तीन आहेत, व्यास ७४ आणि चाल ९२.८. सिलिंडर कमी झाले की घासणारे भाग कमी होतात आणि उष्णता ज्या भिंतींतून वाया जाते त्यांचे एकूण क्षेत्रफळही घटते. लांब चालीमुळे इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्यांवर ओढ चांगली मिळते. किंमत म्हणून वरची शक्ती थोडी गेली: ९० अश्वशक्तीवरून (पीएस) सुमारे ८२, आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११३ न्यूटन मीटरवरून सुमारे ११२. बदल्यात मॅन्युअल गाडीचे प्रमाणित अ‍ॅव्हरेज लिटरला २२.४१ किलोमीटरवरून २४.७९ झाले आणि ऑटो गिअरचे २५.७१. तीन सिलिंडरांचा दोष असा की क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, दोन्ही टोकांना आळीपाळीने वर-खाली झुलू पाहते आणि गाडी उभी असताना स्टीअरिंगवर व बैठकीत बारीक थरथर जाणवते. इंजिन ज्यावर बसते त्या चांगल्या रबरी माउंटिंगने ती बरीच दबते, परंतु माउंटिंग जुने झाले की ती परत येते, आणि चार सिलिंडरांच्या मऊपणाची सवय असलेल्याला ती खटकते. टिकाऊपणाशी सिलिंडरांच्या संख्येचा संबंध नाही. मारुती ८०० तीन सिलिंडरांचीच होती आणि तिने आपल्या जिल्ह्यातले किती घाट पालथे घातले ते वेगळे सांगायला नको.

खरे सांगायचे तर हा प्रश्न पेट्रोल डिझायर सोडून नवी घेणाऱ्याचा आहे. आपली गाडी डिझेल आहे. तिचे १.३ लिटरचे टर्बो इंजिन ७५ पीएस शक्तीचेच, पण केवळ २,००० फेऱ्यांवर १९० न्यूटन मीटर टॉर्क देते. नव्या पेट्रोल इंजिनाचा ११२ हा आकडा ४,३०० फेऱ्यांवर मिळतो. गिअरचे प्रमाण वेगळे असल्यामुळे चाकापर्यंत पोचणाऱ्या ओढीतील फरक या आकड्यांइतका मोठा राहत नाही, आणि सपाट महामार्गावर नवी गाडी चपळच वाटेल. परंतु पाच माणसे, भरलेली डिकी, एसी चालू, आणि चिपळूणकडून कुंभार्ली चढताना पुढे संथ ट्रक, अशा वेळी आपण ज्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबून निघत होता, तेथे आता दुसरा टाकावा लागेल आणि इंजिनाचा आवाज चढू द्यावा लागेल. गाडी चढणार नाही असे नव्हे. पायाची आणि कानाची सवय बदलावी लागेल. माझ्याकडे डिझेलवरून पेट्रोलवर आलेले जे ग्राहक ‘पिकअप नाही’ म्हणून येतात, त्यांतील बहुतेकांच्या गाडीत काहीही बिघाड नसतो. ते दीड हजार फेऱ्यांवर वरचा गिअर टाकून घाट चढत असतात.

डिझेल पुन्हा का दिले नाही, असेही आपल्या मनात येईल. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि डिझेल धुरातील काजळी व नायट्रोजन ऑक्साइड अडवण्यासाठी जी यंत्रणा लागते तिचा खर्च लहान गाडीच्या किमतीत मावेना, म्हणून मारुतीने डिझेल इंजिने त्याच वेळी बंद केली. सीएनजीचा पर्याय आहे आणि किलोला ३३.७३ किलोमीटर हा आकडा मोहात पाडणारा आहे. पण त्यात शक्ती सुमारे ७० पीएसपर्यंत उतरते आणि टाकी डिकीची बरीच जागा घेते. आपल्या घाटाच्या आणि सामानाच्या गरजेला तो मी सुचवणार नाही. रोज कराड-सातारा ये-जा असती तर उत्तर वेगळे दिले असते.

अ‍ॅव्हरेजचे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेगक्रमाने आणि एसी बंद ठेवून काढलेले असतात. ते गाड्यांची आपापसात तुलना करण्यासाठी चांगले आहेत, महिन्याचा पेट्रोलखर्च मांडण्यासाठी नाहीत.

इतर कंपन्यांनी काय राखले आणि काय सोडले तेही पाहण्यासारखे आहे. डिझायरनंतर महिन्याच्या आतच, डिसेंबर २०२४ मध्ये, होंडा अमेझची तिसरी पिढी आली आणि तिने नेमके उलटे निर्णय घेतले: चार सिलिंडरांचे ९० पीएसचे जुने इंजिन तसेच ठेवले, गाडी ३८ मिलिमीटरने रुंद केली, डिकी ४१६ लिटरची दिली आणि वरच्या व्हेरियंटमध्ये कॅमेऱ्याच्या आधारे स्वतः ब्रेक लावणारी व गाडी आपल्या लेनमध्ये राखणारी यंत्रणा बसवली. मागे तिघे बसण्याची आपली नेहमीची गरज असेल तर ती गाडीही बघून घ्या. आपल्या आईंना कोणती सोपी पडते हे मी साताऱ्यात बसून सांगू शकत नाही. पाया बदलणे म्हणजे काय याचे उदाहरण इनोव्हाचे. २०२२ अखेर आलेल्या हायक्रॉसमध्ये शिडीसारखी चेसी जाऊन एकसंध सांगाडा आला, मागच्या चाकांऐवजी पुढची चाके ओढू लागली आणि डिझेल इंजिन जाऊन पेट्रोल व हायब्रिड आले. नाव सोडले तर जुने फार थोडे उरले. पण जुन्या गुणांवर विसंबणारा ग्राहक इतका मोठा होता की डिझेल क्रिस्टाही २०२३ मध्ये पुन्हा विक्रीला आणावी लागली. ग्राहकाला नवे हवे असते आणि सवयीचेही हवे असते; पिढी बदलणाऱ्या प्रत्येक कंपनीची झोप याच एका गोष्टीने उडते.

राहिला प्रश्न पहिल्या वर्षाचा. नव्या पिढीची गाडी लगेच घेऊ नये हा सल्ला अंधश्रद्धा नाही, पण त्यामागचे कारण लोक चुकीचे सांगतात. इंजिन आणि सांगाडा यांवर कित्येक लाख किलोमीटरच्या चाचण्या झालेल्या असतात. तेथे सहसा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो क्लिपा, रबरी पट्ट्या, वायरिंगची वळणे आणि सॉफ्टवेअर अशा किरकोळ जागी, कारण चाचणीच्या गाड्या शंभरांत मोजल्या जातात आणि विक्रीच्या गाड्या महिन्याला हजारांनी निघतात. पुरवठादाराच्या साच्याची झीज, कामगाराच्या हाताचा सराव, रंगाच्या भट्टीतील फरक हे सगळे त्या संख्येतच उघडे पडते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या नव्या पिढीच्या गाडीच्या पहिल्या लॉटमधील तीन गाड्या पहिल्याच पावसाळ्यात पाटण भागातून माझ्याकडे आल्या. तिन्हींत स्टेपनीच्या खळग्यात तांब्याभर पाणी साचलेले. कंपनीत प्रत्येक गाडीवर फवाऱ्याची चाचणी होतेच, पण ती काही मिनिटांची असते आणि कोयनेचा पाऊस दिवसचे दिवस तिरका लागतो. शोध घेता मागच्या दिव्यामागची रबरी पट्टी एका कोपऱ्यात बसत नव्हती असे निघाले. आम्ही छायाचित्रांसह अहवाल पाठवला, नंतरच्या गाड्यांत पट्टी बदललेली आली आणि या तिन्हींना ती विनामूल्य बसवून दिली. पहिल्या लॉटच्या ग्राहकाला असे हेलपाटे पडतात. बहुतेक वेळा त्याहून मोठे नुकसान होत नाही.

दुसरी अडचण सुट्या भागांची. गाडी बाजारात येते तेव्हा कारखान्यातील प्रत्येक बंपर आणि दिवा आधी नव्या गाडीला हवा असतो, कोठाराला नंतर. त्याच गाडीच्या एका ग्राहकाने वाढे फाट्याजवळ बंपर फोडून घेतला आणि त्याला तो दीड महिन्याने मिळाला. तंत्रज्ञांचे प्रशिक्षणही आधी होते, पण हात बसायला पाच-पन्नास गाड्या खालून जाव्या लागतात. डिझायरच्या बाबतीत हा सगळा काळ सरला आहे. लाँचची ६.७९ लाखांपासूनची प्रास्ताविक किंमतही ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतच होती. आजचा दर जीएसटी कपातीनंतरचा, म्हणून कोटेशन ताजे घ्या आणि कोणी जुना तक्ता दाखवला तर त्यावर विसंबू नका. चेसी क्रमांकावरून उत्पादनाचा महिना लेखी मागून घ्या, आणि तोच क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून एखादी दुरुस्ती मोहीम बाकी आहे का ते पाहा.

पाडव्याला किंवा दसऱ्याला डिलिव्हरी घेण्याची इच्छा असेल तर गाडी आदल्या दिवशी दुपारच्या उन्हात तपासून सही करा आणि मुहूर्तावर फक्त हार घालून घरी न्या. त्या सकाळी शोरूममध्ये चाळीस गाड्या रांगेत असतात आणि तपासणीचा कागद भरणारा मुलगा न पाहताच खुणा करत जातो. हे मी दोषारोप म्हणून लिहीत नाही, त्या मुलाच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते.

चाचणीसाठी गाडी घ्याल तेव्हा एकटे जाऊ नका. घरातील चौघांना बसवा, एसी चालू ठेवा आणि साताऱ्याच्या शोरूममधून घेतलीत तर यवतेश्वराचा घाट अर्धा तरी चढा. मध्येच एखाद्या चढणीवर पूर्ण थांबून पुन्हा गाडी काढा. मॅन्युअल आणि ऑटो गिअर दोन्ही याच रस्त्यावर चालवा, कारण ऑटो गिअर चढणीवर गिअर बदलताना क्षणभर ओढ सोडतो आणि तो क्षण आपल्याला चालतो की नाही हे सपाट रस्त्यावर कळणार नाही. येताना एखाद्या उंच गतिरोधकावरून पाच माणसांसह सावकाश जा आणि खालून घासते का ते ऐका. मग इंजिन चालू ठेवून दोन मिनिटे उभे राहा आणि स्टीअरिंगवर हात ठेवून थरथर सोसते का ते ठरवा. या सर्वांतून गाडी उतरली तर माझ्या मते मॅन्युअल पेट्रोल, मधल्या व्हेरियंटमध्ये, घ्यायला हरकत नाही. वरच्या व्हेरियंटमधील सनरूफसाठी जादा पैसे देण्याऐवजी तेवढ्यात विस्तारित वॉरंटी आणि चांगले टायर येतील. ही माझी आवड, आपल्या मुलांचे मत वेगळे असेल.

जुन्या गाडीचे म्हणाल तर २०१३ च्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२८ ला पूर्ण होतील, त्यामुळे जितका उशीर कराल तितका भाव उतरत जाईल. एक्स्चेंजमध्ये देण्याआधी बाहेरच्या दोघांकडून किंमत काढा. कोणालाही दिली तरी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नका. मालकी बदललेले नोंदणीपत्र, म्हणजे आपल्याकडे ज्याला पासिंगचा कागद म्हणतात, त्याची प्रत हातात येईपर्यंत पाठपुरावा करा, आणि किल्ली देण्यापूर्वी काचेवरचा फास्टॅग बंद करून काढून घ्या.